ताईला विचारा : घरभेटीला गेलं की बायका नुसत्या गप्प बसतात

या वेळी नाताळच्या आसपासची पत्रं आलीत त्यामुळे बरीचशी एकाच विषयावर आहेत, अडलेल्या बायकांसाठी चर्चमधून जे काम चालतं त्याबद्दल. काही लिहिणाऱ्या त्या कामात आहेत, काहींना त्या कामाचा आधार मिळालाय, आणि एकजण त्या कामामुळे घरी उशिरा जेवतोय. नावं कुणाचीच देत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील थोडे बदललेत.

सलाम ताई. आमच्या भगिनी मंडळातून आम्ही पाच-सहाजणी दर शनिवारी वस्तीत घरभेटीला जातो. जिथे जातो तिथल्या बायकांची परिस्थिती फार वाईट आहे, कुणाचा नवरा दारूडा, कुणाला टाकून दिलेलं, कुणी धुणीभांडी करून तीन मुलं सांभाळते. आम्ही तांदूळ-डाळीचं किट देतो, वचन वाचतो, प्रार्थना करतो. त्या हो हो म्हणतात आणि गप्प बसतात. मागच्या महिन्यात एकीने हातावरचे वळ दाखवले, मी तिला म्हटलं बाई सहन कर, प्रभू बघतोय. तेव्हापासून ती दारच उघडत नाहीये. पाळकसाहेब म्हणतात सेवा आनंदाने करा. मला खरं सांगायचं तर आनंद होतच नाही, शनिवार आला की पोटात गोळा येतो. माझ्या विश्वासातच काही कमी आहे का? — पिंपरीकडची एक भगिनी

सलाम. विश्वासाचं नंतर बघू, आधी त्या बंद दाराचं बघू कारण ते जास्त अर्जंट आहे.

मार खाणाऱ्या बाईला सहन कर असं सांगायचं नाही. कधीच नाही, कुठल्याही वचनाच्या आधाराने नाही. तुम्ही वाईट हेतूने बोलला नाहीत हे मला कळतंय, आपल्याकडे आयांनी लेकींना पिढ्यानपिढ्या हेच सांगितलंय, पण ती बाई ते वळ दाखवत होती म्हणजे ती मदत मागत होती आणि तिला उत्तर मिळालं की मदत नाही, तू अशीच रहा. आता पुढच्या शनिवारी सगळ्याजणी घोळका करून जाऊ नका. तिचा नवरा घरात नसताना तुम्ही एकटीच जा, किंवा ती नळावर, रेशनच्या लाईनीत भेटली तर तिथेच हळू बोला की मी त्या दिवशी बोलले ते चुकलं, तुला काय हवंय ते सांग. आणि तिला हे माहीत करून द्या की १८१ हा बायकांसाठीचा हेल्पलाईन नंबर आहे, जीवावर बेतलं तर ११२, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिला नवऱ्याच्या घरातून कुणी हाकलू नये असा आदेश कोर्टातून मिळू शकतो, त्यासाठी संरक्षण अधिकारी असतो. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नये, जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण असतं तिथे बाईला फुकट वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे सुद्धा विचारत नाहीत. जायचं की नाही ते तीच ठरवेल, तुम्ही तिला ओढत न्यायचं नाही. पण कागदावर नंबर लिहून देऊ नका, नवऱ्याला सापडला तर पंचाईत, पाठ करून घ्या.

आता तुमचं. मला वाटतं तुमच्या थकव्याचं कारण विश्वास नाहीये, कामाची पद्धत आहे. तुम्ही देणाऱ्या आणि त्या घेणाऱ्या, दर शनिवारी तेच, त्यात ना त्यांना बरं वाटणार ना तुम्हाला. आपण पंडिता रमाबाईंचं नाव मंडळात खूप घेतो, फोटोला हार घालतो, पण त्यांना या कामाची हाक कुठे आली ते फारसं कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेज नावाच्या गावी सिस्टर्सच्या मठात राहिल्या. तोपर्यंत त्यांनी आयुष्यात काय काय बघितलं होतं, दुष्काळात आईवडील गेले, भाऊ गेला, लग्न होऊन दोन वर्षं व्हायच्या आत नवरा कॉलऱ्याने गेला, पदरात छोटी मनोरमा. संस्कृत पुराणं तोंडपाठ, कलकत्त्याच्या पंडितांनी पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिलेल्या. म्हणजे ज्ञानाला तोटा नव्हता. तर त्या सिस्टर्सनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला त्यांचं एक घर बघायला पाठवलं, जिथे समाजाने वाईट चालीच्या म्हणून टाकलेल्या बायकांना ठेवून घ्यायचे. रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय की तिथे त्यांना अशा बायका भेटल्या की ज्या एकेकाळी त्याच घरात आधाराला आलेल्या होत्या आणि आता आजारी, अपंग लोकांची सेवा करत होत्या. हे बघून त्या हादरल्याच, कारण अशा बाईसाठी काही करायचं असतं हेच त्यांनी आधी कुठे ऐकलं नव्हतं. त्यांनी एका सिस्टरला विचारलं की तुम्ही लोक हे का करता, तर तिने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची, म्हणजे ज्यू लोक ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या जमातीतल्या बाईची, गोष्ट वाचून दाखवली.

ती गोष्ट तुम्हाला माहितीच आहे, पण सुरुवात परत वाचा. भर दुपारी एकटी पाण्याला आलेली, पाच नवरे झालेली, गावाने ओवाळून टाकलेली बाई, आणि येशू तिच्याशी पहिलं वाक्य काय बोलतो, तर मला प्यायला पाणी दे. उपदेश नंतर, तिच्या नवऱ्यांचा विषय त्याच्याही नंतर. आधी तिच्याकडे मागितलं. जिच्या हातचं पाणी कुणी ज्यू माणूस पिणार नाही तिच्या हातचं पाणी.

तुम्ही वस्तीत कुणाकडे काही मागितलंय का कधी? चहा पिता का तिथे, की किट दिलं, वाचन झालं, निघालो? मला शंका आहे की नसाल पीत, कारण आपल्यातल्या बऱ्याच भगिनी वस्तीत गेल्या की आत्ताच घेतला म्हणून सांगतात. प्या. धुणीभांडी करणारी बाई चार घरचे हिशोब, चार घरची गुपितं सांभाळते, तिला विचारा की तुमच्या गल्लीत सगळ्यात जास्त अडलेलं कोण आहे, आम्ही कुणाकडे जायला पाहिजे. नाताळच्या करंज्या करायला बोलवा, फुकट नाही, मजुरी देऊन किंवा बरोबरीने. एखादीचा आवाज चांगला असेल तर तिला ओव्या म्हणायला सांगा, तुमचंच गाणं दरवेळी कशाला.

आणि आनंदाबद्दल एक. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा. पण त्यांनीच कबूल केलंय की त्यानंतर जवळजवळ आठ वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म तेवढा मिळालेला होता, त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळालेला नव्हता. म्हणजे १८९१ च्या आसपासपर्यंत. त्या काळात त्या हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या हं, अमेरिकेत फिरून पैसे उभे केले, ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांना शिकवलं. मन कोरडं असताना काम चालू होतं. तेव्हा पाळकसाहेबांना सांगा की आनंद ऑर्डर देऊन येत नसतो आणि एखादा शनिवार तुम्ही सुट्टी घेतलीत तर प्रभू काही रजिस्टरवर लाल शेरा मारत नाही.

माझी मिसेस आठवड्यातून तीन दिवस महिला आश्रमात शिकवायला जाते. मला अभिमान आहे पण जेवायला रोज साडेनऊ होतात. काही उपाय? — एक पती

कुकरला तीन शिट्ट्या.

नमस्कार ताई, मी हिंदू आहे, तुमचं मासिक आमच्या क्लासमध्ये येतं म्हणून वाचते. माझे मिस्टर दोन वर्षांपूर्वी ॲक्सिडेंटमध्ये गेले. मी २६ ची आहे. सासरी मुलीला घेऊन राहते, आणि चर्चच्या बायका शिवणक्लास चालवतात तिथे जाते. गेल्या नाताळला त्यांनी कार्यक्रम केला त्यात मी गाणं म्हटलं, नाचले पण थोडी, खूप दिवसांनी मनापासून हसले. कुणीतरी व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाकला. सासूबाई बोलल्या नाहीत काही पण जावेने टोमणा मारला की दोन वर्षांत विसरली. तेव्हापासून मलाच अपराधी वाटतंय, क्लासला पण जावंसं वाटत नाही. — नगर जिल्हा

तू हसलीस यात काय गुन्हा झाला ते मला शोधून सुद्धा सापडेना बघ.

तुला एक खरी गोष्ट सांगते. गोदूबाई जोशी नावाची कोकणातली मुलगी, लहानपणीच विधवा झालेली, तेव्हाच्या रीतीप्रमाणे आयुष्य संपल्यात जमा. तिच्या भावाने तिला मुंबईला आणून रमाबाईंच्या शारदा सदनात घातलं, तिथली ती पहिली विधवा विद्यार्थिनी. चार वर्षं शिकली आणि १८९३ मध्ये तिने परत लग्न केलं, भावाच्या मित्राशी, ते म्हणजे धोंडो केशव कर्वे. हो, तेच महर्षी. गावाने वाळीत टाकलं दोघांना. पण पुढे याच आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे नवऱ्याने विधवांसाठी काढलेल्या आश्रमासाठी गावोगाव पैसे गोळा करत हिंडल्या. त्या काही ख्रिस्ती झाल्या नाहीत हेही सांगते, नाहीतर तू घाबरशील की ताई कुठे घेऊन चाललीये. परत लग्न कर असंही मी तुला सांगत नाहीये, तो तुझा प्रश्न, तुझ्या वेळेने.

जाऊबाईंचं सोड. सासूबाई गप्प राहिल्या हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, मुलगा गेलाय त्यांचा, त्यांनाही कुणी हसू दिलं नसेल दोन वर्षांत. जमलं तर त्यांच्या ब्लाऊजचं माप घे आणि पहिला नीट जमलेला ब्लाऊज त्यांचा शिव. ज्याने कुणी व्हिडिओ टाकला त्याच्यावर मात्र मी चिडलेय. क्लासच्या बाईंना स्पष्ट सांग की माझा फोटो, व्हिडिओ मला न विचारता कुठेही टाकायचा नाही, आणि क्लासच्या बाई हे वाचत असतील तर त्यांनाही सांगते, आपल्या कामाचं रिपोर्टिंग करायला, देणगीदारांना दाखवायला अशा बायकांचे चेहरे वापरणं बंद करा हो, ती तुमच्याकडे शिवण शिकायला आलीये.

क्लास सोडू नको. आणि अपराधी वाटणं जाईना, झोप लागेना, मुलीकडे लक्ष देणं पण जड जायला लागलं तर १४४१६ ला फोन कर, मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस सेवा आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

ताई, माझी बहीण नवऱ्याच्या जाचाला कंटाळून घर सोडून एका ख्रिस्ती बायकांच्या आश्रमात गेलीय. आई रात्रंदिवस रडतेय की आता तिचा धर्म बदलणार. भाऊ म्हणतो दहा-बारा जणांना घेऊन जातो आणि उचलून आणतो. मी ख्रिस्ती मासिकाला लिहितोय म्हणजे तुम्ही त्यांचीच बाजू घेणार हे माहितीये, तरी खरं काय ते सांगा. — सोलापूर

दहा-बारा जण घेऊन जाऊ नका, बहीण सज्ञान आहे, तिला उचलून आणणं हा गुन्हा होईल आणि तिचा तुमच्यावरचा उरलासुरला विश्वास जाईल.

बाजूचं म्हणाल तर आईची भीती अगदीच हवेतली आहे असं मी म्हणणार नाही. हा वाद महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांहून जुना आहे. शारदा सदन काढताना रमाबाईंनी सांगितलं होतं की इथे धर्म शिकवणार नाही, मुलींना आपापल्या रीतीप्रमाणे राहता येईल, आणि सल्लागार मंडळावर न्यायमूर्ती रानडे, भांडारकर अशी माणसं होती. पुढे सदन पुण्याला आलं. रमाबाई स्वतःची प्रार्थना स्वतःच्या खोलीत करायच्या पण दार उघडं ठेवून, आणि मुली हळूहळू आत येऊन बसायला लागल्या. १८९३ मध्ये यावरून रान पेटलं, केसरीने झोडपलं, रानडे-भांडारकरांनी राजीनामे दिले, आईबापांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. मला विचाराल तर दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर होतं. पालकांना शब्द दिलेला होता आणि ज्या मुलींची सगळी भिस्त रमाबाईंवर होती त्यांना ते उघडं दार नुसतं दार वाटलं नसणार, हे मी ख्रिस्ती असून म्हणते. पण टीका करणाऱ्यांपैकी किती घरांत विधवेला दोन घास सन्मानाने मिळत होते आणि पाटी-पेन्सिल मिळत होती, हे पण त्याच दमात विचारायला पाहिजे. विधवांसाठीचा कर्व्यांचा आश्रम सुद्धा निघाला तो त्यानंतर, १८९६ मध्ये.

म्हणून तुम्ही असं करा. आधी फोन करा आणि तिची खुशाली विचारा, घरी कधी येतेस हे विचारू नका. मग आईला घेऊन दोघंच भेटायला जा. तिथे डोळे उघडे ठेवून बघा, हे मी कुठल्याही आश्रमाबद्दल सांगते, हिंदू असो मुस्लिम असो ख्रिस्ती असो. तिचा फोन तिच्याजवळ आहे का, आधार कार्ड, बँक पासबुक तिच्याजवळ आहे का की ऑफिसात जमा करून घेतलंय. तिला पाहिजे तेव्हा बाहेर जाता येतं का. तुमच्याशी एकटीने बोलू देतात का की एकजण शेजारी बसून राहते. संस्थेची नोंदणी आहे का, आणि लहान मुलं असतील तर ती कायद्याने नीट ठेवलीत का, बालकल्याण समितीला माहिती आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रार्थनेला बसली नाही तर तिला जेवायला मिळतं का. यातल्या एकाचं जरी उत्तर वाकडं आलं तर तिला तिथून काढायला मी तुमच्या बाजूने उभी राहीन, तिच्या संमतीने अर्थात. सरकारचं सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथे तात्पुरतं राहता येतं.

पण सगळी उत्तरं सरळ आली तर? मग ती कुठला देव मानते ते तिच्यावर सोडा, घटनेच्या २५ व्या कलमाने तो हक्क जसा तुम्हाला दिलाय तसा तिला पण दिलाय. सगळीकडे धर्म बदलायची घाई असते असंही नाही. पुण्याजवळ वढू बुद्रुकला सिस्टर लूसी कुरियन यांनी १९९७ मध्ये माहेर नावाची संस्था काढली. त्यांच्याकडे एक गरोदर बाई मदत मागायला आली होती, यांनी उद्या बघू म्हटलं, आणि त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवून दिलं. त्या धक्क्यातून ते काम उभं राहिलं. सिस्टर स्वतः कॅथलिक नन, पण माहेर सर्वधर्मीय आहे, सगळे सण होतात, कुणाला धर्म सोडायला लावत नाहीत.

एक प्रश्न मात्र विचारते, राग आला तरी चालेल. जाच चालू होता तेव्हा बहिणीने पहिला फोन कुणाला केला होता? माझा अंदाज आहे की आईला केला असणार आणि आईने सांगितलं असणार की नांदायचं घर आहे, जमवून घे. आईला दोष देत नाही, तिलाही तिच्या आईने हेच सांगितलं असेल. पण भेटायला जाल तेव्हा धर्माच्या आधी हे बोला. तिला ऐकायचंय की तुझ्यासाठी घरात खोली आहे, तुला परत सासरी पाठवणार नाही. असं जर तुम्ही खरंच म्हणू शकत असाल तर म्हणा, नाहीतर तिला तिथे राहू द्या आणि दर महिन्याला भेटायला जात रहा, खाऊ घेऊन.

ताई, आमच्या मंडळातल्या बायकांना केडगावचं मुक्ती मिशन बघायला न्यायचंय. नगरला उतरायचं ना? तिथे बघण्यासारखं काय आहे? — संभाजीनगर

नगरला अजिबात उतरू नका, तिथलं केडगाव वेगळं. आपलं केडगाव दौंड तालुक्यात, पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेलाईनवर, दौंडच्या थोडं अलीकडे. स्टेशन आहे पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत, लोकल-पॅसेंजर बघून जा.

जाण्याआधी बायकांना थोडं सांगून ठेवा म्हणजे नुसती पिकनिक होणार नाही. ती जमीन मुळात रमाबाईंनी शारदा सदनाच्या खर्चासाठी घेतलेली होती, अमेरिकेतल्या लोकांनी दहा वर्षंच मदत करायचं कबूल केलं होतं म्हणून फळझाडं लावून पुढची सोय. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला, रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, स्वतः उपाशी भटकलेल्या असल्यामुळे त्यांना ते बघवेना, आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगमुळे नवीन माणसं ठेवायला बंदी, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर तंबू-छपरात ठेवलं. १९०० च्या दुष्काळानंतर गुजरातकडच्या पण आल्या आणि आकडा दोन हजाराच्या घरात गेला. विचार करा, दोन हजार जणींचं रोजचं जेवण! शारदा सदनात शिकलेल्या मोठ्या मुलींनी या नव्या आलेल्यांना आंघोळी घातल्या, भरवलं, अक्षरं शिकवली, बाहेरून नोकर आणून हे जमलंच नसतं. विहिरी खणल्या, शेती, हातमाग, तेलाचा घाणा, छापखाना. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन वेगळं होतं. मनोरमेने ब्रेल शिकून आंधळ्या मुलींना शिकवलं. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल केलं त्याचे छपाईचे खिळे पण तिथल्या बायकांनीच जुळवले, ते पूर्ण छापून आलं १९२४ मध्ये, रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या होत्या तोपर्यंत. आणि मनोरमा आईच्या आधीच, १९२१ मध्ये.

तिथे आजही बायका-मुली राहतात, म्हणून न कळवता जाऊन धडकू नका, आधी पत्र किंवा फोन करून दिवस ठरवा. राहणाऱ्यांचे फोटो काढू नका, तू इथे का आलीस असं तर कुणालाच विचारू नका, हे तुमच्यातल्या ज्या एक-दोन चौकस भगिनी असतील त्यांना गाडीतच सांगून ठेवा. साड्या वाटायच्या असतील तर तिथे गेल्यावर नको, ऑफिसला आधी विचारा काय लागतं ते, बहुतेक ठिकाणी जुन्या साड्यांपेक्षा सॅनिटरी पॅड, औषधं नाहीतर सरळ पैसे उपयोगी पडतात. आणि डबे घेऊन जा, संभाजीनगरहून गाडी करून निघालात तर पोचेपर्यंत जेवायची वेळ होते.